उरलेली आठ मिनिटं

मुलांच्या टीव्हीचा विषय निघाला की लोक संस्कारांवर घसरतात. आम्हा वेळापत्रक लावणाऱ्यांना संस्कारांपर्यंत पोचायला सवडच होत नाही. आमचा जीव अकरा मिनिटांतच अडकलेला असतो. जगभर विकलं जाणारं कार्टून साधारण ११ मिनिटांचं असतं आणि मालिकेची घाऊक मागणीही ठरलेली असते : ५२ भाग, प्रत्येकी ११ मिनिटं. दोन भाग जोडले की २२ मिनिटं होतात आणि अर्ध्या तासातली उरलेली आठ मिनिटं जाहिरातवाला घेऊन जातो. व्यवस्था चोख आहे. फक्त ज्या सार्वजनिक वाहिनीवर जाहिरातीच नसतात, तिथे हा भला माणूस फिरकत नाही आणि ती आठ मिनिटं माझ्या टेबलावर पडून राहतात.

बरं, ती नेमकी आठही नसतात. सेकंदाला २४ चित्रं या हिशेबाने बनवलेली फिल्म ५० हर्ट्‌झच्या विजेवर चालणाऱ्या देशांत पूर्वापार सेकंदाला २५ चित्रांनी पळवली जाते. वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि २२ मिनिटांचा ऐवज २१ मिनिटं ७ सेकंदांत आटोपतो. पात्रांचे आवाज जरासे चिरके होतात. मुलांच्या कार्यक्रमात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या लक्षात येतं, कारण आता हातात ८ मिनिटं ५३ सेकंद उरलेली असतात.

मग पुढचा कार्यक्रम सरळ ४ वाजून २१ मिनिटांनी सुरू करा की, असं सुचवणारा एक तरी हुशार माणूस प्रत्येक बैठकीत असतो. करून बघावं. त्याच्या पुढचा कार्यक्रम ४.४२ला येतो, त्याच्या पुढचा ५.०३ला, आणि उद्याचे भाग दहा-वीस सेकंदांनी लांब निघाले की उद्याचं सगळंच वेगळं. पालकांच्या डोक्यात दोनच वेळा बसतात : अमुक वाजता आणि साडेअमुक वाजता. चार वाजून एकवीस मिनिटांनी जगात फक्त गाड्या सुटतात.

तेव्हा अर्धा तास भरावाच लागतो. कृती अशी. २१ मिनिटं ७ सेकंदांचं कार्टून घ्यावं. त्यात पाच मिनिटांचा एक छोटा कार्यक्रम मिसळावा. असे पाच मिनिटांचे तुकडे कपाटात कायम भरून ठेवावेत. वाहिनीचं बोधचिन्ह उड्या मारत येतं ते २० सेकंदांचं. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे दोन प्रोमो. निवेदकाची दोन मिनिटं. बेरीज २९ मिनिटं २७ सेकंद. राहिले ३३ सेकंद. या ३३ सेकंदांत बाहुल्याने निवेदकाच्या डोक्यावर काहीतरी पाडायचं.

बाहुला हा प्राणी संस्कारांतून किंवा सर्जनशीलतेतून आला, असं पुरस्कार समारंभात सांगतात. सांगू द्यावं. माझं मत असं की तो बेरीज जुळेना म्हणून आला. माणसाला वाक्य पुरं करावं लागतं, कानात 'दहा, नऊ, आठ' चालू असताना चेहरा हसरा ठेवावा लागतो, आणि वाक्य तीन सेकंद लांबलं तर पुढच्या कार्टूनचं शीर्षक कापलं जातं. बाहुल्याला कुठेही तोडता येतं. तो खाली गेला, संपलं. पाच सेकंद कमी पडत असतील तर तो पुन्हा वर येतो आणि मुलं त्यालाच विनोद समजतात. एकच खबरदारी घ्यायची : बुबुळं डोळ्यांच्या मधोमध न चिकटवता किंचित नाकाकडे चिकटवायची. मधोमध चिकटवली की बाहुला प्रेक्षकाकडे न बघता भिंतीपलीकडे बघतो आणि लहान मुलांना त्याची भीती वाटते.

याचा उत्तम दाखला बीबीसीचा. तिथे मुलांच्या कार्यक्रमांच्या मधे बरीच वर्षं फक्त आवाज यायचा, माणूस दिसायचा नाही. ९ सप्टेंबर १९८५ला 'चिल्ड्रन्स बीबीसी' हे नाव घेऊन फिलिप स्कोफिल्ड हा निवेदक पडद्यावर दिसायला लागला. स्टुडिओ मात्र दिला नाही. उद्घोषकाची जी चिंचोळी खोली होती, तिथेच कॅमेरा लावला. खोलीचं नाव पडलं 'ब्रूम कपबोर्ड', म्हणजे झाडू-खराट्यांचं कपाट. निवेदकाने बोलायचंही स्वतः आणि बटणंही स्वतःच दाबायची. मागच्या भिंतीवर मुलांनी पाठवलेली चित्रं, शेजारी गॉर्डन नावाचा नुसता 'चूं चूं' करणारा बाहुला. या अडगळीत एका पिढीचं बालपण गेलं. त्या वर्षी मोठ्या खर्चाने कोणते कार्यक्रम बनवले होते ते आज त्या पिढीला आठवायला लागेल. गॉर्डन लगेच आठवतो.

दोन कार्यक्रमांच्या मधल्या या जागेला धंद्यात जंक्शन म्हणतात आणि नाव चपखल आहे : इथे गाडी थांबते, डबे बदलतात आणि प्रवासी उतरून दुसऱ्या वाहिनीवर जातो. वाहिनीची ओळख, म्हणजे ज्याला हल्ली ब्रँडिंग म्हणतात ते, सगळं या जंक्शनवर घडतं. कार्टून कोणत्याही वाहिनीवर तेच असतं. फलाट तेवढा आपला.

कधी कधी रिकामी जागा भरायची नसते, मुद्दाम रिकामीच ठेवायची असते. ब्रिटनमध्ये संध्याकाळी ६ ते ७ टीव्ही चक्क बंद असे, कशासाठी, तर आयांना मुलांना झोपवता यावं. या तासाला 'टॉडलर्स ट्रूस' म्हणत, तान्ह्यांचा युद्धविराम. बीबीसीला हा तास प्रिय होता, कारण बंद वाहिनीला खर्च येत नाही. १९५५मध्ये जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही आली आणि तिला रोजचा तासभर धंदा बुडताना दिसला. १६ फेब्रुवारी १९५७ला युद्धविराम संपला. मुलं त्या दिवसापासून उशिरा झोपायला लागली की नाही, हा प्रश्न खरं तर त्यांच्या आयांना विचारायला हवा होता.

झोपेचा आणि वाहिनीचा संबंध पुढे फारच गंमतशीर झाला. बीबीसीने ११ फेब्रुवारी २००२ला मुलांसाठी दोन वाहिन्या काढल्या : सहा वर्षांखालच्यांसाठी सीबीबीज, त्यावरच्यांसाठी सीबीबीसी. सीबीबीज सायंकाळी सहानंतर हळूहळू मंदावते. रंग निवळतात, आवाज उतरतो, ६.५०ला कोणीतरी प्रसिद्ध व्यक्ती गोष्ट वाचून दाखवते आणि सातला सगळे झोपी जातात. वाहिनीच्या बोधचिन्हातले पिवळे किडे झोपतात म्हणून आपणही झोपायचं, हे मुलांना पटतं. खरं कारण असं की त्याच डिजिटल जागेवर सातनंतर बीबीसी फोर ही मोठ्यांची वाहिनी चालते. किड्यांना जागं राहायला जागाच नाही. सीबीबीसीची भागीदारी अशीच बीबीसी थ्रीशी. २०१६मध्ये बीबीसी थ्री इंटरनेटवर गेली, जागा मोकळी झाली आणि सीबीबीसी रात्री नऊपर्यंत चालायला लागली. २०२२मध्ये बीबीसी थ्री परत आली, सीबीबीसी पुन्हा सातला बंद. दहा वर्षांच्या मुलांची झोपायची वेळ दोन तास पुढे गेली नि सहा वर्षांनी दोन तास मागे आली, आणि यात बालमानसशास्त्राचा काडीचा हात नव्हता. (गोष्ट वाचायला ३१ डिसेंबर २०१६ला टॉम हार्डी हा नट आला. त्या रात्री मुलांपेक्षा आयाच जास्त टक्क जाग्या होत्या, अशी माझी खात्री आहे.)

जर्मन मंडळी काम पद्धतशीर करतात. त्यांची किका ही वाहिनी १ जानेवारी १९९७ला एरफुर्टहून सुरू झाली. २००३पासून ती रात्री नऊपर्यंत चालते. नऊनंतर मुलांनी बघू नये, पण पडदा काळा ठेवला तर लोकांना वाटतं संचच बिघडला. तेव्हा रात्रभर दाखवायला असं काही हवं, जे दिसेल पण बघवणार नाही. त्यांनी बेर्न्ट नावाचा पाव निवडला. पांढरा, चौकोनी, आखूड हातांचा, आयुष्याला वैतागलेला पाव. तो रात्रभर एका रिकाम्या खोलीत अडकून कुरकुरतो आणि तेच तेच तुकडे फिरून फिरून लागतात. हेतू फसला. मोठी माणसं रात्री जागून पाव बघायला लागली. २००४मध्ये त्याला जर्मन टीव्हीचा मानाचा ग्रिमे पुरस्कार मिळाला, एरफुर्टमध्ये त्याचा पुतळा बसला आणि जानेवारी २००९मध्ये तो पुतळा चोरीलाही गेला. पुढे सापडला. सांगायचा मुद्दा, नुसती जागा भरायला ठेवलेली वस्तू लोक पळवून नेतात. मुख्य कार्यक्रमाच्या नशिबी एवढं भाग्य नसतं.

झोपवण्याची शर्यतही याच देशाने लावली, तेव्हा देश दोन होते. पश्चिम बर्लिन १ डिसेंबर १९५९ला मुलांच्या डोळ्यांत झोपेची वाळू टाकणारा 'झांडमेनशेन' आणणार, ही कुणकुण पूर्वेला लागली. पूर्वेने घाईघाईने बाहुला करून २२ नोव्हेंबरलाच स्वतःचा दाखवला. भिंत पडली, देश एक झाला आणि टिकला तो पूर्वेचा बाहुला. आजही संध्याकाळी सातच्या आत येऊन तो वाळू टाकून जातो.

आता ५२ भागांकडे वळू, कारण रोजचा वैताग तिथे आहे. रोज दोन, म्हणजे आठवड्याला दहा या दराने ५२ भाग पाच आठवडे आणि एक दिवस चालतात. म्हणजे मालिका सोमवारी संपते. मंगळवारी काय दाखवायचं? तिलाच पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं. चार वर्षांच्या प्रेक्षकाची तक्रार नसते, त्याला तेच हवं असतं. तक्रार येते ती पालकांकडून, कारण ते शेजारी बसलेले असतात. पण फेरी सुरू ठेवली की कधी ना कधी बर्फाचा भाग भर उन्हाळ्यात येतो. तो उचलून पुढे टाकावा तर त्या दिवशीच्या जोडीतला दुसरा भाग एकटा पडतो आणि पुन्हा ११ मिनिटांचं भोक. ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सार्वजनिक वाहिनीवाल्यांचं बरं आहे असं वाटतं, तर त्यांच्याकडे नाताळच उन्हाळ्यात येतो.

त्यात शाळा. सकाळी सहापासून तान्ही मंडळी, दुपारी शाळा सुटल्यावर मोठी, संध्याकाळी पुन्हा तान्ही, हा साधा नियम. सुट्टी लागली की मोठी मुलं सकाळपासून घरात आणि वेळापत्रक उलटंपालटं. जर्मनीत १६ राज्यं आहेत आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या आळीपाळीने लागतात, सगळ्यांनी एकाच दिवशी रस्त्यावर येऊ नये म्हणून. रस्ते मोकळे राहतात. किकाच्या वेळापत्रकवाल्याचे केस राहतात का, हे कोणी मोजलेलं नाही. आणि बीबीसीवर सगळं जुळलं की विम्बल्डन यायचं. पाचव्या सेटला किती वेळ लागेल हे खेळाडूंनाच ठाऊक नसतं. मुलांचे कार्यक्रम मुख्य वाहिनीवर होते तोवर, म्हणजे २०१२पर्यंत, ते दुसऱ्या वाहिनीवर हलवले जायचे, कारण मुलं टेनिस संघटनेला पत्र लिहीत नाहीत.

ब्रँडिंगचं दुखणं निराळं. सहा वर्षांचं मूल पाच वर्षांच्या मुलांचं काहीही बघत नाही, म्हणजे बघतं, पण कोणी आलं की चॅनल बदलतं. म्हणून पडद्यावरची पात्रं प्रेक्षकापेक्षा दोन वर्षं मोठी ठेवायची आणि लहानांचा रंग मोठ्यांच्या आसपास फिरकू द्यायचा नाही. सीबीबीज पिवळं, सीबीबीसी हिरवं, ही सरहद्द कोणत्याही राजकीय नकाशाहून कडक होती. बोधचिन्ह बदलायचं तर ते सहा वर्षांनी बदलावं, कारण तेवढ्यात ६ ते १२चा अख्खा प्रेक्षकवर्गच बदललेला असतो. नव्या चिन्हाविरुद्ध गळा काढणारे सगळे तिशीचे असतात. सीबीबीजने मात्र पहिलं चिन्ह २००२पासून २०२३पर्यंत टिकवलं. बालवाडीच्या प्रेक्षकाला बदल नको असतो, हे तिथे कोणीतरी ओळखलं असावं.

हे उड्या मारणारं चिन्ह बनवताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, लखलखाट. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा मोठा भाग चमकला की अपस्माराचा झटका येण्याचा धोका असतो. गडद लाल तर आणखी वाईट. त्यामुळे प्रत्येक तुकडा यंत्राकडून तपासून घ्यावा लागतो आणि सर्वांत आवडलेला तुकडाच नेमका नापास होतो. दोन, आवाज. युरोपात सरासरी पातळी उणे २३ लफ्स (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) ठरली आहे. सरासरी जुळते, पण हळू आवाजात संपणाऱ्या गोष्टीनंतर ढणढणत येणारं चिन्हही सरासरीत बसतं. नुकतंच झोपलेलं मूल सरासरी बघत नाही.

आपल्या दूरदर्शनने रंग आणि किडे यांची भानगड ठेवलीच नाही. मुंबई केंद्राला एकाच पडद्यावर चार भाषांतली मुलं बसवायची होती : 'किलबिल' मराठीत, 'खेल खिलौने' हिंदीत, 'संताकुकडी' गुजरातीत, 'मॅजिक लॅम्प' इंग्रजीत. ठरवून केलेलं एवढंच. न ठरवता भरलेली जागा म्हणजे 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी. तिला ना बाहुला, ना रंगसंगती, ना खर्च, आणि तिच्याइतका घरोघरी पोचलेला ब्रँड मला तरी दुसरा ठाऊक नाही.

आता हे सगळं अ‍ॅपवर चाललंय. डेन्मार्कच्या डीआर या सार्वजनिक प्रसारकाने मोठ्या मुलांची अल्ट्रा ही वाहिनी २०२०च्या सुरुवातीला प्रक्षेपणातून काढून इंटरनेटवर नेली. बीबीसीनेही सीबीबीसीचं तसंच करण्याचा इरादा २०२२मध्ये जाहीर केला. अ‍ॅपवर आठ मिनिटं उरत नाहीत. ११ संपली की पुढची ११ आपोआप सुरू होतात, बाहुल्याला कामच नाही आणि सात कधी वाजतच नाहीत. आपोआप सुरू होणं बंद करता येतं. ते सेटिंगमध्ये असतं, पालकांच्या कुलपामागे. कुलूप उघडायला बऱ्याच ठिकाणी एक गुणाकार विचारतात, मोठ्या माणसालाच जमेल असा. तो आठ वर्षांचं मूल तोंडी करतं, आणि बाबा फोनवर कॅल्क्युलेटर शोधत बसतात.