पायांची आग थांबली म्हणजे नस बरी झाली?

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतो: मधुमेहाने पायांची आग, मुंग्या होत असतील तर ॲक्युपंक्चरच्या, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून करायच्या उपचाराच्या, दहा बैठकांत मेलेल्या नसा जिवंत होतात, गोळ्या सुटतात, साइड इफेक्ट शून्य, आणि डब्ल्यूएचओचीही मान्यता आहे.

नसा जिवंत होण्याचं आधी बघू. मधुमेहात पावलांच्या नसा पहिल्यांदा जातात, कारण त्या सर्वांत लांब, कमरेपासून बोटांपर्यंत जवळपास मीटरभर. खराब झालेली नस परत वाढलीच तर दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. घोट्यापासून अंगठ्यापर्यंतचे 20 सेंटिमीटर धरले तरी 200 दिवस, तेही साखर ताब्यात असेल तर. दहा बैठका महिना-दीड महिन्यात उरकतात. हिशोबच बसत नाही.

आग कमी झाल्याचा अनुभव मात्र कुणी खोटा ठरवू नये. काही चाचण्यांत ॲक्युपंक्चरने वेदना कमी झाल्याचं दिसलं. पण बहुतेक चाचण्या लहान, थोड्या आठवड्यांच्या, आणि खोट्या सुयांशी, म्हणजे नुसतं टोचल्यासारखं करण्याशी, तुलना केली की फरक आक्रसतो. शिवाय माणूस जातो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. तिथून ते थोडं उतरतंच, सुई लावा वा लावू नका.

खरा घोटाळा पुढे आहे. नस पुरती गेली तरीही आग थांबते. तेव्हा 'बरं वाटतंय' यावर न थांबता पाय तपासून घ्यावा. 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा तंतू, तळव्यावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात. रुग्णाचे डोळे मिटलेले हवेत, घट्टे टाळायचे, आणि 'लागलं ना?' असं न विचारता 'कुठे लागलं?' विचारायचं. अंगठ्याच्या हाडावर 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा, ठेवून कंप कळतो का तेही बघतात. हे दोन्ही कळत नसेल आणि आगही नसेल, तर तो आराम नव्हे, बधिरपणा आहे. असा पाय घेऊन श्रावणात त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी केली, किंवा थंडीत शेकोटीपुढे तळवे धरले, तर फोड आल्याचं तळवा बघेपर्यंत कळत नाही.

गोळ्या सुटतात म्हणे! प्रीगॅबालिन, म्हणजे नसांच्या दुखण्यावरची गोळी, एकदम बंद केली तर झोप उडते, मळमळ, घाम, डोकेदुखी सुरू होते. ती कमीत कमी एक आठवडा लावून, डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने उतरवायची. याच दुखण्यावरच्या ड्युलोक्सेटिनचंही तसंच. साखरेच्या गोळ्या वा इन्सुलिन सोडायचा तर प्रश्नच नाही. उलट एक साधी तपासणी राहून जाते: मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-12 जीवनसत्त्व कमी होतं, शाकाहारी घरांत तर जास्तच. त्यानेही हुबेहूब अशाच मुंग्या येतात आणि त्यावर सरळ उपचार आहे. सुयांचे पैसे मोजण्याआधी ही रक्ततपासणी करा.

साइड इफेक्ट शून्य? सुई जेमतेम 0.25 मिलिमीटर जाडीची, चांगल्या हातात धोका कमीच. पण बधिर पायाला टोचलेलं कळत नाही, जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग पसरतो. मॉक्सा, म्हणजे जळती वात पावलाजवळ धरून शेक देणं, किंवा गरम दिवा, हे या पायांना चक्क नको. भाजल्यावर ओरडायला नसच शिल्लक नसते.

डब्ल्यूएचओच्या 2003 च्या अहवालाचा हवाला देतात. त्यात टाइप 2 मधुमेहाचं नाव आहे, पण अजून पुरावा हवा अशा गटात. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा 2015 चा कायदा आहे, पण त्याने व्यवसायाची चौकट ठरते, एखाद्या आजारावरचा गुण सिद्ध होत नाही.

औषधांसोबत पूरक म्हणून करूनच बघायचं असेल, तर नोंदणीकृत व्यावसायिक गाठा. एकदाच वापरायच्या सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा, पेसमेकर असेल तर वीज सोडलेल्या सुया नाकारा. सुरू करण्याआधी आठवडाभर रोज रात्री वेदनेला 0 ते 10 मध्ये आकडा द्या. सहा-आठ बैठकांनंतर तो निदान 2 ने उतरला नाही तर थांबा. आणि पावलाला जखम, पू, किंवा एकाच पावलाला अचानक सूज आणि गरमपणा दिसला तर सुई नाहीच, त्याच दिवशी डॉक्टर.