कान बदलले म्हणजे पात्र बदलत नाही

एकट्या चित्रकाराने चालवलेल्या, बोलत्या प्राण्यांच्या एखाद्या वेबकॉमिकवर (इंटरनेटवर पान-पान निघणाऱ्या चित्रकथेवर) मराठीत कोणी चार कडक ओळी लिहिल्या की उत्तरं ठरलेली असतात. फुकट वाचता आणि वर नावं ठेवता? एकटा जीव राबतोय, सांभाळून घ्या. तिसरं उत्तर जरा शहाजोग: प्राणीच बोलतायत ना, मुलांचं आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? इथे अमेरिकेतली खोड उलटी आहे. कॉमिक बाजूला राहतं आणि चित्रकाराच्या जुन्या पोस्ट उकरून त्याची नियत तपासली जाते. एकूण काय, कॉमिकचं पान तिकडेही कोणी उघडत नाही आणि इकडेही.

तिसऱ्या उत्तराचा निकाल पटकन लागतो. आर्ट स्पीगलमनच्या 'माउस' या, ज्यूंच्या नाझी संहारावरच्या चित्रकादंबरीत ज्यू लोक उंदीर आहेत आणि जर्मन मांजरं. १९९२ साली त्याला पुलित्झरचं विशेष पारितोषिक मिळालं. २०२२ च्या जानेवारीत टेनेसीतल्या मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळाने तेच पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकलं. एकीकडे प्राणी म्हणून पोरखेळ, दुसरीकडे तेच प्राणी पोरांना झेपणार नाहीत म्हणून बाहेर!

'एकटा राबतोय' हा मुद्दा मात्र खरा आहे. प्रश्न एवढाच की सवलत कुठे द्यायची. आठवड्याला एक पान म्हणजे वर्षाला ५२ पानं. चार पानांचा संवाद महिनाभर चालतो. मग वाचक टिकवायला प्रत्येक पान शाब्दिक कोटीवर किंवा धक्क्यावर संपवायची सवय लागते, आणि तीच ४० पानं सलग वाचली की कथेला उचकी लागल्यासारखं होतं. टीका करणाऱ्याने दोन्ही तऱ्हेने वाचावं, एकदा सलग आणि एकदा ताजं पान एकटं. पहिल्या प्रकरणातल्या रेषेवरून आजची रेषा जोखू नये, मधे चित्रकाराचा हात पाच-सहा वर्षं फिरलेला असू शकतो. पाचातल्या चार चौकटींत पार्श्वभूमी नसली तरी चालेल. पण दोन पात्रांतलं कोण बोलतंय हे कळत नसेल तर तिथे सवलत नाही. त्याला जास्त वेळ लागत नसतो, आधी विचार करावा लागतो.

याची चाचणी सोपी आहे. पात्रांच्या आकृत्या पूर्ण काळ्या भरायच्या आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या करायच्या. ओळखू आल्या तर ठीक. बहुतेक फसलेल्या कॉमिकमध्ये डोकं एकच असतं, त्याला लांब कान लावले की ससा, टोकदार लावले की कोल्हा. दुसरी परीक्षा तोंडाची. लांब मुस्कट बाजूने सगळ्यांना जमतं. समोरून ते आखूड दिसायला हवं, तिथे हात अडखळतो आणि लांडग्याचं तोंड सपाट होऊन अस्वलासारखं दिसायला लागतं. सगळं प्रकरणभर पात्रं एकाच तिरक्या कोनात बोलत असतील तर समजावं की चित्रकार समोरची बाजू टाळतोय. पायांचंही तसंच. कुत्र्याच्या मागच्या पायात जो 'उलटा गुडघा' वाटतो तो खरं तर घोटा आहे. कुत्रा चवड्यावर चालतो, टाच वर उचललेली असते. हे ठाऊक नसलं की धावणारं पात्र मोडलेल्या खुर्चीसारखं दिसतं. माणसासारखे पाय काढले तरी चालतात, फक्त पान उलटलं की पाय बदलू नयेत.

कान आणि शेपटी हे या प्रकाराचं खरं भांडवल, कारण माणसाच्या चेहऱ्याला ही सोय नाही. कुत्र्याची शेपटी हलते तेव्हा बहुधा उत्साह असतो, मांजर शेपटी फटकारतं तेव्हा चीड. घोडा रागावला की कान मागे चिकटवतो. ससा घाबरला की आधी थिजतो. पानावर सगळ्यांचे कान दुःखात खाली आणि आनंदात वर जात असतील, तर प्राणी निवडलाच कशाला?

हा 'कशाला' रूपकाच्या बाबतीत सगळ्यात जड होतो. इंग्रजी वेबकॉमिकमध्ये एक साचा फार चालतो: शिकारी प्राणी म्हणजे भेदभाव सोसणारे लोक. अमेरिकेतल्या वाचकाला त्यात वंशभेद दिसतो. पण लांडगा सशाला खरोखरच खातो. म्हणजे सशाची भीती रास्त ठरते आणि रूपक नकळत पूर्वग्रहाच्याच बाजूने साक्ष देतं. बिल होलब्रुक यांचं १९९५ पासून चालू असलेलं 'केव्हिन अँड केल' या खड्ड्यात पडत नाही. तिथे ससा नवरा, लांडगीण बायको. आणि शिकार ही तिची उघड नोकरी. भक्ष्य आणि भक्षक एका छपराखाली कसे राहतील, हा त्या जगाचाच प्रश्न होतो, कोणाचा पर्याय म्हणून तो येत नाही.

मराठीत हाच साचा आणायचा म्हटलं की हात आपोआप जातीकडे वळतो: एकेका जातीला एकेक प्राणी. धाडसी वाटतं, पण त्याचा अर्थ काय निघतो? की जातीजातींत रक्ताचा फरक आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या, प्रत्यक्षात न झालेल्या 'जातिनिर्मूलना'वरील भाषणात नेमकं हेच खोडलंय: जात म्हणजे वंशांची विभागणी नव्हे, एकाच वंशाच्या माणसांत पाडलेले सामाजिक भेद. चित्रकाराचा हेतू कितीही पुरोगामी असला तरी पान त्याच्या विरुद्ध बोलतं. अशा वेळी अमेरिकेतल्यासारखं त्याच्यावर तुटून पडून उपयोग नाही आणि मराठीतल्यासारखं 'विषयाला हात तरी घातला' म्हणून पाठ थोपटूनही नाही. 'माउस'ने ही अडचण कशी सोडवली ते दाखवावं. तिथे पोलिश माणसं म्हणून वावरताना उंदीर डुकराचा मुखवटा घालतात, आणि दुसऱ्या खंडात चित्रकार स्वतः उंदराचा मुखवटा बांधलेला माणूस होऊन टेबलाशी बसतो. प्राणीपण वरून चढवलंय, हे रेषाच सांगते.

'सगळी परकी नक्कल' ही तक्रार मला त्यामानाने वरवरची वाटते. रकूनच्या जागी मुंगूस आणलं की कॉमिक मराठी होत नाही. मराठीपणा व्याकरणात आडवा येतो. आपल्याकडे प्राण्याच्या नावालाच लिंग चिकटलेलं असतं. खार, घार, घोरपड स्त्रीलिंगी. मांजर, मुंगूस नपुंसकलिंगी. नायक खार असेल तर 'खार म्हणाला' लिहायचं की 'म्हणाली'? इंग्रजीत विचार करून मग मराठीत उतरवलेल्या कॉमिकमध्ये हे पानोपान डळमळतं. उपाय आहे. पात्राला पहिल्याच पानावर नाव द्यावं आणि क्रियापद त्या नावाच्या मागे चालवावं, प्राण्याच्या नावाच्या नाही. म्हणींनी आधीच धूर्त ठरवलेला कोल्हा आणि मूर्ख ठरवलेलं गाढव वापरायचं तर वाचक काय गृहीत धरून येणार याचाही हिशेब हवा.

आणि अक्षरं. ८०० पिक्सेल रुंदीची पट्टी फोनवर साधारण ३६० च्या रुंदीत मावते, म्हणजे २० चं अक्षर ९ चं होतं. रोमन अक्षर तेवढ्यात कसंबसं वाचता येतं. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, मधे जोडाक्षरं; सगळ्याचा गिचका होतो. अक्षर निदान ३४-३६ चं, ओळींत अंतर दीडपट, आणि म्हणून फुग्यात शब्द कमी. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत मजकुराची मांडणी 'वर्ल्ड-रेडी लेआउट'वर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणाऱ्या सेटिंगवर) नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहतात. वर्षानुवर्षं अशीच पानं चढतात आणि खाली प्रतिक्रिया येत राहतात: मस्त, पुढचा भाग कधी?