'नाही म्हणायला शिका' म्हणे!

आज आमच्या कॉलेजात प्राध्यापकांसाठी ताणतणाव व्यवस्थापनाची एकदिवसीय कार्यशाळा झाली. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला फोटो लागतात, त्यामुळे बॅनर, बुके, शाल-श्रीफळ सगळं यथासांग. पाहुण्या बाईंनी डोळे मिटायला लावले, श्वास मोजायला लावला आणि शेवटी मंत्र दिला, "नाही म्हणायला शिका."

तेव्हापासून डोकं फिरलंय.

कोणाला म्हणू नाही? आमच्यासारख्या तासिका तत्त्वावरच्या (जितके तास शिकवू तितकेच पैसे) माणसाने नाही म्हटलं की पुढच्या जुलैत "या वर्षी वर्कलोडच कमी झालाय हो मॅडम" एवढंच ऐकायला मिळतं. म्हणून आम्ही अंतर्गत परीक्षांचं सुपरव्हिजन करतो, एनएसएसच्या शिबिराला जातो, ॲडमिशनच्या दिवसांत गावोगाव फिरून पोरं गोळा करतो, नॅकचे तक्ते भरतो. यातलं काहीच तासिकेत मोडत नाही. म्हणजे फुकट.

मग बाईंनी चिठ्ठ्या वाटल्या. आज ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा तीन गोष्टी लिहा. आमचे एक सर आहेत, नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) पास, पीएच.डी., केस पिकले तरी सीएचबीवरच, म्हणजे तासिका तत्त्वावरच. त्यांनी लिहिलं, "डिसेंबरपासूनचं मानधन. आलं की उरलेल्या दोन कळवतो." बाईंनी वाचलं आणि हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसले. कायमवाले सर तर टाळ्या देऊन हसले.

घरी येताना एसटीत त्यातली गंमत गेली होती, नुसती चिठ्ठी उरली होती. (महिलांना अर्धं तिकीट केलंय २०२३ पासून, तेवढे उपकार मान्य. नाहीतर निम्मी तासिका येण्याजाण्यातच गेली असती.)

हिशोब सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं प्राध्यापक म्हणजे गलेलठ्ठ पगार. पदवीच्या वर्गाला तासिकेला ९०० रुपये. आठवड्याला जास्तीत जास्त ९ तासिका. कागदावर महिन्याचे बत्तीस हजार दिसतात. पण दिवाळी आली, परीक्षा आल्या, युवा महोत्सव आला, कोणी पुढारी वारला, की वर्ग बंद आणि मीटरही बंद. उन्हाळ्यात तर आम्ही नोकरीतच नसतो. जे काही होतं तेही दर महिन्याला मिळत नाही. बिल कॉलेजातून उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात जातं, त्रुटी निघते, परत येतं, परत जातं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ मध्येच अतिथी अध्यापकाला तासाला १५०० आणि महिन्याला ५० हजारांपर्यंत द्या म्हटलं होतं. ते पत्र आमच्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. मोबाइलमध्येच आहे.

त्याच स्टाफरूममध्ये, त्याच किटलीतला चहा पिणाऱ्या, तीच नेट पास झालेल्या, तेच पेपर शिकवणाऱ्या माणसाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. वर महागाई भत्ता, घरभाडं, दर वर्षाची वेतनवाढ. मी अर्थशास्त्र शिकवते. विषमता शिकवताना फळ्यावर लॉरेन्झ वक्र काढते, पोरांना सांगते, समानतेच्या रेषेपासून पोट जितकं सुटलेलं तितकी विषमता जास्त. स्टाफरूमचा वक्र काढायला घेतला तर फळा पुरायचा नाही.

आणि कळस ऐका. कार्यशाळेमुळे दिवसभराचे वर्ग रद्द होते. संध्याकाळी ऑफिसातल्या भाऊसाहेबांना विचारलं, आजच्या माझ्या दोन तासिका बिलात कशा दाखवायच्या? ते बिचारे खाली बघून म्हणाले, "मॅडम, वर्ग झाला नाही ना, नका भरू." म्हणजे ताण कमी कसा करायचा हे ऐकायला मी १८०० रुपये मोजून बसले होते! तिथल्या कायमवाल्यांचा दिवस मात्र 'कर्तव्यावर' लागला.

हो, कायमवाल्यांनाही ताण असतो, माहीत आहे. ऑनलाइन माहिती भरून भरून वैतागलेत, रिक्त जागांचं काम त्यांच्याही अंगावर पडतं. पाहुण्या बाईसुद्धा भल्या होत्या, जीव ओतून बोलत होत्या. आणि विनाअनुदानित शाळांतल्या कित्येक शिक्षकांची अवस्था आमच्याहून वाईट आहे, तेही खरं. पण म्हणून आम्ही गप्प बसायचं?

२०२१ मध्ये राज्यात प्राध्यापकांची २०८८ पदं भरायला मंजुरी मिळाली तेव्हा आमच्या सरांनी नवा शर्ट शिवला होता मुलाखतींसाठी. जिथे जायचे तिथे विषयाआधी दुसरंच बोलणं निघायचं. ते काय असतं हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे, भाव लिहीत बसत नाही. सर परत आले, आपलं उपयोजित मराठी शिकवू लागले. उन्हाळ्यात ते एका मंगल कार्यालयात मॅनेजरकी करतात. लग्नाला आलेली जुनी पोरं पंगतीतच वाकून नमस्कार करतात, सरांच्या एका हातात कूपनांचा गठ्ठा असतो. एकदा मी तिथे वऱ्हाडी म्हणून होते. सरांनी माझ्या ताटात स्वतः जिलेबी वाढली आणि म्हणाले, "हे बिल मात्र वेळेवर मिळतं."

चिठ्ठीवर हसलो तेव्हा मला हे आठवायला हवं होतं का? माहीत नाही. सर स्वतःही हसत होते म्हणा.

माझ्या मित्रयादीत कायमस्वरूपी प्राध्यापक बरेच आहेत. तुमच्या पगारावर माझा डोळा नाही, तो सगळ्यांना मिळावा एवढंच म्हणणं आहे. पुढच्या स्टाफ मीटिंगला तुमच्यापैकी एकाने उठून विचारा, सीएचबीची बिलं दर महिन्याला का जात नाहीत? आम्ही विचारलं तर उद्धटपणा होतो. तुम्ही विचारलंत तर मुद्दा होतो, इतिवृत्तात येतो. नाही म्हणण्याची सोय ज्यांना आहे त्यांनीच ती आधी वापरायची असते ना?

पोस्ट फक्त मित्रयादीपुरती ठेवली आहे. स्क्रीनशॉट काढू नका आणि कॉलेज कोणतं ते कमेंटमध्ये विचारू नका. जुलैत पुन्हा आमच्या मुलाखती आहेत.