गोळ्यांवर का आला नाहीत?

आज सकाळी खोकल्याच्या औषधासाठी गावातल्या एका दवाखान्यात गेले होते. तिथे नव्यानेच बसू लागलेल्या तरुण डॉक्टरांनी माझी फाइल चाळली आणि अत्यंत आपुलकीने विचारले, "मॅडम, इतकी वर्षे इन्सुलिन? पथ्य नीट पाळून गोळ्यांवर का आला नाहीत?" मी १९८९ पासून, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षापासून, टाइप वन मधुमेही आहे. माझ्या स्वादुपिंडाने इन्सुलिन बनवणे तेव्हाच सोडले आणि ते कोणत्याही पथ्याने, गोळीने किंवा कारल्याच्या रसाने पुन्हा सुरू होणार नाही. हे शेजारच्या काकूंना समजावताना मला राग येत नाही. डॉक्टरांना समजावताना येतो.

त्या रागाला दोन वर्षांपूर्वीची एक रात्र कारण आहे. पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात दाखल झाले होते. सकाळी शस्त्रक्रिया असल्याने रात्रीपासून तोंडाने काही घ्यायचे नव्हते. रात्री साखर १०४ भरली आणि तेवढ्यावर माझे दिवसरात्र हळूहळू काम करणारे लाँग अ‍ॅक्टिंग इन्सुलिन रद्द झाले. शुगर नॉर्मल, पेशंट उपाशी, मग इन्सुलिन कशाला? मी सांगितले, यांनी सांगितले, निवासी डॉक्टरांना बोलावून पुन्हा सांगितले. वॉर्डात पेशंटने स्वतः इंजेक्शन घ्यायचे नसते, असे म्हणून सिस्टरांनी माझे इन्सुलिनचे पेन टेबलाच्या खणात ठेवून दिले.

टाइप टूच्या, म्हणजे नेहमी दिसणाऱ्या मधुमेहाच्या, रुग्णाचे अशा रात्री बहुधा निभावते, कारण त्याच्या शरीरात थोडेफार इन्सुलिन बनत असते. आमचे निभावत नाही. अन्नाचा कण पोटात नसला तरी आम्हाला ते पायाभूत इन्सुलिन लागतेच. ते नसले की शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून तयार होणारी कीटोन नावाची द्रव्ये साठून रक्त आम्लधर्मी होते. शस्त्रक्रिया दुपारवर ढकलली गेली होती, आणि दुपारपर्यंत मला उलट्या सुरू होऊन धाप लागली. लघवीत कीटोन सापडले, शस्त्रक्रिया रद्द झाली आणि पुढचे दोन दिवस मी आयसीयूत सलाइनवर होते. माझे पेन तोवर त्या खणातच होते.

सिस्टरांवर एकट्यावर दोष ठेवणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्याकडे त्या रात्री अख्खा वॉर्ड होता. माझा प्रश्न असा आहे की, त्या इमारतीत हा आजार ओळखणारे एकही माणूस का नव्हते, आणि ज्याला फोन करून विचारता येईल असा तज्ज्ञ कोणाच्या यादीत का नव्हता? २०२२ साली आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) टाइप वनच्या उपचारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांतले एखादे पान वॉर्डाच्या भिंतीवर लावायला काय हरकत होती? सरकारी मधुमेह तपासणी तिशीपुढच्यांसाठी, आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. म्हणजे मी आयसीयूत पोहोचले तर योजनेच्या कक्षेत येण्याची शक्यता आहे, पण आयसीयूत जावे लागू नये म्हणून हा आजार जाणणाऱ्या हॉर्मोनतज्ज्ञांना (एंडोक्रायनॉलॉजिस्टना) गाठायचे, तर रात्रीची ट्रॅव्हल्स, पुण्यातला मुक्काम, तपासणीची फी आणि रजा, सगळे माझे मी पाहायचे. लहान मुलांसाठी पुण्यामुंबईत फार चांगले काम करणाऱ्या संस्था आहेत, हे मान्य. परंतु ती मुले मोठी होतात हो! आमच्यासारखी पंचेचाळिशीला पोहोचलेली टाइप वन माणसे कोणाच्या हिशेबातच दिसत नाहीत. आईला तर माझा आजार कळला तेव्हाच एका नातेवाईकाने सांगितले होते की पोरगी विशीपर्यंत निघाली तरी पुष्कळ.

आईने ऐकून घेतले आणि भारनियमनात इन्सुलिनची बाटली थंड राहावी म्हणून प्लास्टिकच्या डबीत घालून मडक्यातल्या पाण्यात सोडली. त्या मडक्यावर मी दहावी झाले, बारावी झाले, डी.एड. झाले.

इतक्या वर्षांनी आजाराचे स्वरूपही बदलते. साखर उतरू लागली की पूर्वी हात थरथरत, आता काहीच कळत नाही. पहाटे तीनच्या सुमारास यांचा हात माझ्या मानेवर येतो आणि घाम लागला की हे उठून साखरेचे पाणी करतात. चौदा दिवस दंडावर राहून साखर मोजणारा, रात्री गजर देणारा सेन्सर मिळतो, पण दर चौदा दिवसांनी तो विकत घेणे माझ्या पगारात बसत नाही. डोळ्यांना लेसर झाले आहे, खांदा आखडला आहे, लघवीतून प्रथिने जाऊ लागली आहेत. यातले काय कशाशी जोडलेले आहे आणि कोणता डोस कधी बदलायचा, हे वर्षातून चार वेळा जाणत्या माणसाने पाहायला हवे. आमचे गावातले फिजिशियन भले आहेत. ते स्वतःच म्हणतात, "ताई, यातले तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते." मला त्याचे कौतुक वाटत नाही, भीती वाटते. त्या रात्रीही वॉर्डात सर्वांत जास्त मलाच कळत होते आणि पेन खणात होते.

आता मी एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून त्याला लॅमिनेशन केले आहे: 'टाइप वन मधुमेह. रुग्ण उपाशी असली आणि साखर नॉर्मल असली तरी लाँग अ‍ॅक्टिंग इन्सुलिन बंद करू नये.' आज तो कागद त्या तरुण डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, थोडे ओशाळले आणि परवानगी घेऊन मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला. पोरगा वाईट नाही. खोकल्याचे औषधही त्याने बिनसाखरेचे दिले.

लातूर किंवा नांदेडला शनिवारी बसणारे हॉर्मोनतज्ज्ञ कोणाच्या माहितीत असतील, तर कृपया कळवावे. पुण्यासाठी प्रत्येक वेळी दोन दिवसांची रजा मागणे आता मुख्याध्यापकांपुढे जमत नाही.