तिसऱ्या वर्षीच ‘ज्ञ’पर्यंत मजल

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीत शेजारची चिमुरडी शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणते आणि तुमचं पोर अजून पार्किंगमध्ये खडे वेचतंय? आधी ते खडे काढून घ्या. एकेक खडा बोटाने सरकवत मोजला की पाच म्हणजे किती हे कळायला लागतं, आणि पाहुण्यांना त्यात काडीचा रस नसतो. शंभरपर्यंत पाठ असलं की झालं. ‘सात चमचे आण’ म्हटल्यावर मूठभर आणले तरी कोण मोजतंय?

लेखनाला तर मुळीच उशीर नको. मनगटात 8 हाडं असतात आणि तिसऱ्या वर्षी त्यातली निम्मीही तयार झालेली नसतात, नुसती कूर्चा असते. पण दुसऱ्या टर्मच्या वह्या आल्यात, हाडांसाठी थांबायचं कुणी? बारीक टोकाची पेन्सिल आणि दुरेघी वही द्या. मूल पेन्सिल मुठीत धरेल, खांद्यापासून हात हलवेल, कागद फाडेल. फाडू दे, वह्या डझनाने मिळतात. खडूचा तुटका तुकडा मात्र चुकूनही देऊ नका. एवढासा तुकडा मुठीत मावत नाही, चिमटीतच धरावा लागतो आणि पकड आपसूक सुधारते. कणकेचा गोळा, कपड्यांचे चिमटे, मटार सोलणं यांनाही बंदी घाला. बोटांत जोर आला तर पुढे हात दुखल्याची तक्रार कशी येणार?

श्रीगणेशा ‘अ’पासूनच करा. काही बाई ग, म, न अशी सोपी वळणं आधी घेतात, त्यांचं ऐकू नका. ‘अ’मध्ये दोन अर्धगोल, जोडरेघ, उभा दंड, वर शिरोरेघ असा सगळा बाजार एकाच अक्षरात भरतो. जमलं नाही तर हात धरून गिरवून घ्या. दहा पानांत अक्षर मोत्यासारखं होतं. तुमचं.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला अंगणवाडी आणि कुरणशाळा (गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणाऱ्या शाळा) चालवल्या, पानं-बिया-शिंपल्यांवर मुलं शिकवली. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. 2014 मध्ये पालघरला गेला, ठाणेकर सुटले. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही 3 ते 8 वयाला खेळातून शिकवा म्हणतं. म्हणू दे. धोरण दिल्लीचं, अॅडमिशन ठाण्यातली.

‘एकोणतीस’ सांगितल्यावर मूल 39 लिहील, कारण कानावर ‘तीस’ पडतो. काड्यांचे दहा-दहाचे दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या मांडल्या की गोंधळ मिटतो, पण तेवढे रबर शोधत कोण बसणार? शिक्षा म्हणून तोच आकडा पंचवीस वेळा लिहायला लावा आणि तुम्ही मोबाइल बघा. 39 अगदी पक्का होतो.