प्रदर्शनं बघून कोण चित्रकार झालंय?

दुपारपासून डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

ओळखीतली एक मुलगी चित्रकलेच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, कॉलेजचं नाव घेत नाही. परवा लेक्चर बुडवून जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन बघायला गेली आणि सबमिशनच्या दोन शीट राहिल्या. आज सरांनी तिला भर वर्गात उभं केलं आणि विचारलं, "प्रदर्शनं बघून कोण चित्रकार झालंय?" संध्याकाळी फोनवर रडत होती पोरगी.

मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा वाईचा घाट काढायचे. ओला रस्ता, छत्रीवाला माणूस, मागे देवळाचा कळस. वाईला मी तोवर गेलेच नव्हते! सगळे काढायचे, मार्क पडायचे, म्हणून मीही काढायचे. आमचं घर अंबरनाथला, बाबा एमआयडीसीत लेथवर. यातलं काही कागदावर काढायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

२०१९ च्या डिसेंबरात मुंबईच्या एनजीएमएमध्ये, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, चित्रकार सुधीर पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. बाबांना सुट्टी होती, म्हणून त्यांनाही ओढत नेलं. त्या गोल जिन्यांवरून मजल्यामागून मजले चढत होतो. लोकल, चाळी, इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस, कामगार. बाबा आधी अवघडल्यासारखे हात मागे बांधून चालत होते. मग एका चित्रापाशी थांबले ते हलेचनात. म्हणाले, "हा नाइट शिफ्ट करून आलाय."

मी म्हटलं, कशावरून?

"खांदे बघ की."

मी बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं. खांदा म्हणजे मला तोवर अ‍ॅनाटॉमीच्या वर्गातली हाडं आणि स्नायू. घरात वीस वर्षं नाइट करून येणारा माणूस होता आणि त्याचे खांदे मला दिसले नव्हते.

आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर. पटवर्धन डॉक्टर. ठाण्यात एक्स-रे काढायचे, अगदी २००५ पर्यंत. चित्रकलेच्या कॉलेजात एक दिवस शिकले नाहीत. मग त्यांना चित्र कुणी शिकवलं, सर? दुसऱ्यांची चित्रं बघून आणि आपली काढूनच शिकले ना? आणि मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्यांचंच उदाहरण हवं असेल तर बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे चित्रकार घ्या. २०१२ मध्ये कोचीला बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, उभं केलं त्यांनी. चित्रं बघायला माणसं आली पाहिजेत, हा ध्यास होता म्हणूनच ना?

हो, नुसतं बघून हात वळत नाही. स्केचबुकं भरावीच लागतात, मान्य. शीट वेळेवर द्यायला हव्या होत्या, तेही मान्य. पण म्हणून भर वर्गात?

प्रदर्शनाला कशाला जायचं, "फोनवर दिसतं की सगळं" असं कुणी म्हटलं तर मला ऐकवतच नाही. २०१९ मध्येच एनजीएमएला चित्रकार प्रभाकर बरवे यांचं प्रदर्शन झालं होतं. त्यांच्या डायऱ्या ठेवल्या होत्या. एकेका आकाराचा माग काढत गेलेली पानं, बाजूला बारीक मराठी अक्षर. काचेवर नाक टेकवून वाचत होते मी. फोनवर ते पान बोटाने सरकवून पुढे गेले असते.

थोडं शांत झाल्यावर वाटतं, सरांनाही त्यांच्या काळात कुणी कुठे नेलं नसेल. तेही लांबच्या गावातून आलेत, वर्गात पोरं खच्चून भरलेली, वर पेपर तपासा, जर्नल भरा. माणूस वाईट नाहीये. पण ज्या पोरीला पहिल्याच वर्षी आपणहून जाऊन बघावंसं वाटलं, तिला शाबासकी द्यायची सोडून रडवायचं? माझी अजून चिडचिड होतेय.

पटवर्धनांच्या त्या प्रदर्शनानंतर मी घाट काढणं बंद केलं. बाबा नाइट करून आले की मोरीच्या कट्ट्यावर बसून पाय धुतात. साबण दोनदा लावतात, ऑइल जात नाही. तेच काढत राहिले, पंधरा-वीस स्केचेस तरी झाली असतील. पहिली सगळी फसली, कारण मी चेहरा काढत बसायचे. मग एकदा पाठमोरे काढले. बाबांनी कागद लांब धरून बघितला आणि म्हणाले, "उजवा खांदा जरा खाली घे. त्या बाजूने लिव्हर ओढतो मी." घेतला खाली, आणि चित्र बसलं!

आता मास्टर्स करतेय, पण असं करेक्शन मला अजून कॉलेजात काम तपासणाऱ्या कुठल्या ज्युरीत मिळालेलं नाही.

जहांगीरला मंगळवारी नवीन प्रदर्शनं लागतात. तिकीट नाही, अकराला उघडतं. त्या मुलीला घेऊन मी जाणार आहे. तिच्या दोन शीट सोमवारी रात्री माझ्याकडे बसून पूर्ण करून घेते. अजून कुणाची पोरं फर्स्ट इयरला असतील तर पाठवा. सीएसएमटीला मोठ्या घड्याळाखाली साडेदहाला भेटू, तिथून चालत जाऊ. आणि लेक्चर बुडतंय म्हणून कुणी ओरडलं तर माझं नाव सांगा.