कुमसार 23 डिसेंबरवर ढकलू नका

नाताळच्या नक्षत्रासाठी (चांदणीच्या कंदिलासाठी) बांबूच्या कामट्या, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी माती आणि गवत, नेवऱ्या-दोदोल या गोडधोडाचं सामान या सगळ्याचं नियोजन आपण नोव्हेंबरपासून करतो. कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, मात्र 23 किंवा 24 डिसेंबरच्या रांगेत उभे राहतो. माझं स्पष्ट मत आहे की तेव्हा उशीर झालेला असतो. पापक्षमा तेव्हाही पूर्णच मिळते, त्यात काही कमी नसतं. पण जे कबूल केलं ते निस्तरायला दिवस उरत नाहीत.

2026चंच बघा. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधी ख्रिस्ताची वाट पाहण्याच्या काळाचा, पहिला रविवार 29 नोव्हेंबरला, म्हणजे 24 डिसेंबर धरून हाती 26 दिवस. जुन्या गोव्यातल्या नवेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) 2 डिसेंबरपर्यंत, 3ला सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त (सण), 8ला पणजीच्या चर्चचं फेस्त. 17पासून नाताळची थेट तयारी, 19ला मुक्तिदिनाची सुट्टी, आणि मग घरात पाहुणेच पाहुणे. निवांत आठवडा उरतो तो 9 ते 16 डिसेंबरचा. कुमसार तेव्हाच उरका. नवेनांच्या काळात झालं तर आणखी चांगलं.

आगमनकाळ म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचंच छोटं रूप, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. चर्चच्या कायद्यात प्रायश्चित्ताचे दिवस म्हणून वर्षभरातले शुक्रवार आणि उपवासकाळ एवढेच सांगितले आहेत. फादरांची वस्त्रं दोन्ही काळांत जांभळी असतात, पण उपवासकाळात ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष बंद होतो आणि आगमनकाळात तो चालू राहतो. तिसऱ्या रविवारी तर गुलाबी मेणबत्ती पेटते, कारण तो आनंदाचा रविवार. येणारा येणारच आहे, या खात्रीवर हा सगळा काळ उभा आहे. शुद्धी करायची ती या खात्रीपोटी, हजेरी लागावी म्हणून नव्हे.

तयारीला अर्धा तास पुरतो. एका जागी बसा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. आधी प्रार्थना, मग देवाशी, घरातल्यांशी, कामाच्या ठिकाणी आणि पैशाअडक्यात आपण कसे वागलो ते क्रमाने आठवा. गंभीर पाप असेल तर ते कोणतं आणि साधारण किती वेळा, एवढं सांगावं लागतं, त्यामागची सगळी कहाणी नाही. इथेच दोन चुका फार होतात. पहिली, “फादर, माझं वागणं चुकतं” असं मोघम बोलणं. त्यावर फादर तरी काय सांगणार? दुसरी, सुनेची, भावाची, शेजाऱ्याची पापं सांगत बसणं. “त्याने मला डिवचलं म्हणून मी बोललो” यातलं “मी बोललो” तेवढंच आपलं. फादरांनी दिलेलं प्रायश्चित्त शक्यतो त्याच दिवशी, चर्चमधून निघण्याआधी पूर्ण करा. पुढे ढकललं की विसरायला होतं.

आता निस्तरण्याचं. चोरलेलं, दडपलेलं, थकवलेलं परत करण्याची जबाबदारी पापक्षमेने संपत नाही. कामवाल्या बाईचा अडवलेला पगार, मजुराची राहिलेली हजेरी हे पैसे नाताळाच्या खरेदीआधी त्यांच्या हातात पडले पाहिजेत. आपल्याकडे सगळ्यात अवघड दुखणं वडिलोपार्जित घराचं. वाट्यावरून भावंडं कोर्टात असतात, एकाच बाल्कांवावरून (घरापुढच्या ओट्यावरून) जातात आणि एकमेकांकडे बघत नाहीत. खटला मागे घ्या, असं कुणी सांगत नाही. हक्क मागणं हे पाप नव्हे. पण बोलणं तोडणं, म्हाताऱ्या आईला एका बाजूला ओढणं, मुलांना काकाच्या दारात जायला बंदी करणं यांचा कज्ज्याशी काही संबंध नाही. ते आजही थांबवता येतं. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. पहिल्या फेरीत दार उघडेलच असं नाही. मधे आठवडाभर असला तर दुसऱ्यांदा जाता येतं, आणि 23 तारखेला कुमसार केलेल्याकडे तोच आठवडा नसतो.

“दर वर्षी तीच पापं सांगतो, मग उपयोग काय?” हा प्रश्न फार जणांना आतून खातो. काही जण त्यापायी कुमसारच सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुन्हा कधीच चुकणार नाही, अशी हमी चर्च मागत नाही. आज न चुकण्याचा खरा निर्धार मागतं. खुद्द बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही तुरुंगातून येशूला निरोप पाठवला होता, “जो येणार तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?” शंका घेऊनही वाट पाहता येते. 17 ते 23 डिसेंबरच्या संध्याप्रार्थनेत सात जुन्या हाका आहेत. त्यातल्या एकीत ख्रिस्ताला दाविदाची किल्ली म्हटलंय, अंधारात बसलेल्या बंदिवानाला बाहेर काढणारी. त्याच त्या पापाने थकलेल्यांनी त्या दिवसांत ती हाक जरूर म्हणावी.

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर फादरांना आठवडाभर आधी कळवा. घरी येऊन कुमसार आणि कोमुन्यांव (ख्रिस्तप्रसाद) दोन्ही देतात. खोलीत एक स्वच्छ टेबल, त्यावर पांढरं कापड, खुरीस (क्रूस) आणि मेणबत्ती एवढं पुरे. कुमसाराच्या वेळी बाकीच्यांनी बाहेर थांबून दार लोटून घ्यावं, आणि आजाऱ्याला ऐकायला कमी येत असेल तर ते फादरांना आधीच सांगून ठेवावं.